पहिल्या तीन मिनिटांत काय दडले आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांच्या यादीची बातमी आपल्या दैनिकात येते, ती मी न चुकता वाचतो. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना ही यादी दर महिन्याला जाहीर करते आणि किती नमुने नापास झाले तो आकडा मथळ्यात ठळक छापला जातो. नापास नमुन्यांची चर्चा व्हायलाच हवी. माझे मन मात्र पास झालेल्या नमुन्यांकडे जाते, कारण भोसरी आणि पिंपरीच्या औषध कारखान्यांतील गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांत एकतीस वर्षे काढल्यावर मला एवढे निश्चित ठाऊक आहे, की नमुना पास होणे हे जितके औषधावर अवलंबून असते तितकेच ते तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. विषय तांत्रिक आहे, पण ज्या घरात मधुमेहाची गोळी आहे त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे, म्हणून थोडी जास्त जागा मागतो.

गोळीत किंवा सिरपमध्ये मूळ औषध किती आहे आणि नको असलेली द्रव्ये किती आहेत, हे मोजण्याचे आजचे सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे द्रव वर्णलेखन. प्रयोगशाळेत सगळे त्याला एचपीएलसी म्हणतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे पडले; १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला नाव दिले आणि मराठीतला वर्णलेखन हा शब्द त्यावरूनच आला. आज नळी पोलादाची असते, तिला आम्ही कॉलम म्हणतो, तिच्यात काही मायक्रोमीटर आकाराचे सिलिकाचे कण ठासून भरलेले असतात, पंप मोठ्या दाबाने तिच्यातून द्रव ढकलतो आणि मिश्रणातला एकेक घटक आपापल्या वेळी बाहेर पडून संगणकाच्या पडद्यावर शिखर उमटवतो. या शिखराला आम्ही पीक म्हणतो आणि दिवसभर त्या पीकांकडे पाहण्यात आमचे आयुष्य जाते.

बहुतेक प्रयोगशाळांत जो कॉलम वापरतात, त्यात सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनांची मेणासारखी साखळी जोडलेली असते. त्याला सी-एटीन कॉलम म्हणतात. तेलकट स्वभावाचे रेणू या साखळ्यांना धरून राहतात, उशिरा सुटतात आणि त्यामुळे एकमेकांपासून नीट वेगळे होतात. आयब्युप्रोफेन असो की कोलेस्टेरॉलवरचे अटोर्व्हास्टॅटिन, सी-एटीनवर त्यांचे उत्तम जमते आणि औषधांचा फार मोठा भाग या एका प्रकारच्या कॉलमवर तपासला जातो. पण ज्या रेणूंवर विद्युतभार आहे किंवा ज्यांना पाण्याची ओढ फार आहे, अशा ध्रुवीय, म्हणजे आमच्या बोलीत पोलर औषधांना तिथे थारा मिळत नाही. अळवाच्या पानावरून पाण्याचा थेंब पान न भिजवता घरंगळून जातो, तसे हे रेणू कॉलममधून सरळ निघून जातात. ही औषधे दुर्मीळ नाहीत. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन, नागिणीवरचे असायक्लोव्हिर, क जीवनसत्त्व, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन अशी रोजच्या वापरातली नावे त्यांत आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. नेहमीचा कॉलम २५० मिलिमीटर लांबीचा आणि ४.६ मिलिमीटर आतील व्यासाचा असतो आणि मिनिटाला एक मिलिलिटर वेगाने द्रव सोडला, तर ज्याला कॉलमने मुळीच अडवले नाही असे द्रव्य सुमारे अडीच मिनिटांत बाहेर पडते. त्या जागेला आम्ही व्हॉइड म्हणतो. नमुना ज्यात विरघळवला त्या विद्रावकाची आणि गोळी-सिरपमध्ये औषधाबरोबर घातलेल्या, न अडलेल्या पूरक द्रव्यांची गर्दी तिथे एकत्र उमटते आणि तिचे मोजमाप करण्यात अर्थ नसतो, म्हणून पहिल्या तीन मिनिटांत जे काही येईल ते मोजू नकोस अशी सूचना सॉफ्टवेअरला आधीच देऊन ठेवतात. तिचे नाव इनहिबिट इंटिग्रेशन. ही सूचना बहुतेक वेळा कोणत्याही वाईट हेतूने दिलेली नसते. बहुतेक औषधांच्या बाबतीत ती योग्यही असते. पण औषध पोलर असेल, तर त्याच्या ज्या अशुद्धी त्याच्याहूनही पोलर आहेत त्या नेमक्या याच तीन मिनिटांत बाहेर पडतात. मग अहवालात अशुद्धी 'आढळली नाही' असे लिहिले जाते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही असते, कारण तिथे कोणी पाहिलेलेच नसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. ज्या कारखान्याचे नाव मी इथे घेणार नाही, तिथे एका पाण्यात सहज विरघळणाऱ्या औषधाच्या सिरपचे स्थिरता-नमुने, म्हणजे साठवल्यावर औषध किती टिकते हे पाहण्यासाठी ठेवलेले नमुने, माझ्याकडे होते. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवलेली बाटली उघडून तपासली, तेव्हा औषधाचे प्रमाण जवळजवळ तीन टक्क्यांनी घटलेले होते, पण अशुद्धींच्या रकान्यात त्याच्या दशांशाचीही भर नव्हती. म्हणजे तीन रुपये हरवले आणि हिशेबात तीस पैसेसुद्धा कुठे गेले ते दिसत नाही. याला आम्ही मास बॅलन्स न जुळणे म्हणतो आणि तो न जुळला तर थांबून शोध घ्यायचा असतो. मी थांबलो नाही. प्रमाण मर्यादेत होते, पाठवणीची तारीख डोक्यावर होती, मी शेऱ्यात 'विश्लेषणातील नेहमीचा फरक' असे लिहून सही केली. पुढे काही महिन्यांनी आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने तोच आलेख पडद्यावर मोठा करून, 'सर, सव्वादोन आणि पावणेतीनच्या मध्ये हा खांदा कसला?' असे विचारले. व्हॉइडच्या पीकच्या उतरणीवर खरोखरच एक लहानसा खांदा होता, आणि प्रत्येक महिन्याच्या नमुन्यात तो थोडा थोडा वाढत गेलेला होता. वेगळ्या प्रकारच्या कॉलमवर तपासल्यावर तिथे औषधाचाच पाण्याने तुटलेला तुकडा स्वच्छ, स्वतंत्र पीक होऊन समोर आला. त्या सिरपमुळे कोणाला इजा झाल्याचे मला कळले नाही. तरीही ती सही माझी होती आणि त्या बाटल्या तोपर्यंत दुकानांत पोहोचलेल्या होत्या.

औषध पाण्याने तुटते तेव्हा होणारे तुकडे बहुधा मूळ रेणूपेक्षा लहान आणि अधिक पोलर असतात. म्हणून पोलर औषधांच्या बाबतीत ही चूक योगायोगाने घडत नाही. पद्धत बदलली नाही तर ती घडणारच.

मेटफॉर्मिनचेच उदाहरण घेऊ, कारण पुण्यातल्या कोणत्याही केमिस्टच्या दुकानात जास्तीत जास्त वेळा मागितल्या जाणाऱ्या गोळ्यांत ती आहे. हा रेणू प्रखर आम्लारिधर्मी आहे. त्याचा विद्युतभार घालवायचा तर द्रवाचा पीएच बाराच्याही पुढे न्यावा लागेल, आणि सिलिकाचा साधा कॉलम आठाच्या वर गेला की विरघळू लागतो. म्हणजे सी-एटीनवर तो कायम भारितच राहणार आणि पळणार. तो डायमिथिलअमाइन आणि सायनोग्वानिडिन यांच्यापासून बनवतात. सायनोग्वानिडिन आणि मेलामाइन या त्याच्या नोंदलेल्या अशुद्धी असून दोन्ही लहान आणि पोलर आहेत. हे मेलामाइन म्हणजे २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत सापडले तेच. तिथली भेसळ टिकली कारण दुधातली प्रथिने एकूण नायट्रोजनवरून मोजली जात होती आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. चाचणी बरोबर केली होती, उत्तरही बरोबर आले होते. प्रश्नच चुकीचा विचारला होता.

दुसरी घटना त्याहून बोलकी आहे. डायमिथिलअमाइनपासून एनडीएमए नावाचा, कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारा नायट्रोसअमाइन तयार होऊ शकतो. त्याची दिवसाची स्वीकारार्ह मर्यादा ९६ नॅनोग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे एक कोटीवा भाग. डिसेंबर २०१९ मध्ये सिंगापूरच्या नियामकाने मेटफॉर्मिनची काही उत्पादने एनडीएमएमुळे बाजारातून परत मागवली आणि २०२० मध्ये अमेरिकेत दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीतही तसेच झाले. त्या काळात तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेने बऱ्याच नमुन्यांत एनडीएमए जास्त असल्याचे सांगितले, पण सरकारी प्रयोगशाळेने तेच नमुने तपासले तेव्हा अनेक आकडे खाली आले. कारण सापडले ते डीएमएफ या साध्या विद्रावकात. द्रव वर्णलेखनाला वस्तुमान मोजणारे अत्यंत सूक्ष्म यंत्र जोडलेले असते. त्यात एनडीएमएचा आयन ७५.०५५३ वर दिसतो, आणि डीएमएफच्या रेणूंपैकी ज्या थोड्यांत नायट्रोजनचा जड समस्थानिक असतो त्यांचा आयन ७५.०५७० वर दिसतो. फरक दोन सहस्रांशाहूनही कमी. यंत्राची सूक्ष्मता पुरेशी नसेल आणि त्यातच कॉलमवर हे दोन पोलर पदार्थ एकमेकांना चिकटून बाहेर पडत असतील, तर निरुपद्रवी मात्रेतल्या विद्रावकाच्या नावावर कर्करोगाचा ठपका येतो. माझ्या पत्रातल्या सिरपमध्ये अशुद्धी लपली होती, इथे नसलेली अशुद्धी दिसली. दोन्हीकडे मूळ एकच, की कॉलमवर वेगळे करण्याचे काम अर्धवट सोडले आणि पुढच्या यंत्रावर भिस्त ठेवली. कोट्यवधी रुपयांचे यंत्र घेतले म्हणजे कॉलम कोणताही चालेल, असे समजणारे व्यवस्थापक मी अनेक पाहिले आहेत.

मग उपाय काय, असे वाचक विचारतील. उपाय आहेत, आणि ते नवेही नाहीत. आमच्या पिढीने बहुतेक आयन-पेअर पद्धत वापरली. द्रवात हेप्टेन सल्फोनेटसारखा एक साबणासारखा क्षार घालायचा. त्याचा तेलकट शेपटा सी-एटीनच्या साखळ्यांत रुततो, त्याचा ऋणभारित माथा बाहेर राहतो आणि मेटफॉर्मिनसारखा धनभारित रेणू त्याला धरून थांबतो. फार्माकोपियांतल्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथांतल्या, मेटफॉर्मिनच्या काही पद्धती याच तत्त्वावर आहेत आणि त्यांनी चांगले काम दिले आहे. पण कॉलम एकदा यासाठी वापरला की त्याच्यावर मार्करने 'फक्त आयन-पेअर' असे लिहून तो बाजूला ठेवावा लागतो, कारण तो क्षार पुरता कधी धुऊन निघत नाही. सकाळी यंत्र सुरू केले तर बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेषा, स्थिर होईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. आणि वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात हा क्षार घालता येत नाही, म्हणजे नायट्रोसअमाइनसारख्या शोधाला ती पद्धत निरुपयोगी.

दुसरा मार्ग म्हणजे सेंद्रिय विद्रावक अगदी काढून टाकून निव्वळ पाणी आणि बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा क्षारद्राव, यांवर सी-एटीन चालवणे. तो मार्ग कुठे दगा देतो, हे आमच्या औद्योगिक पट्ट्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बुधवारी संध्याकाळी घाईत कोणी कॉलम न धुता पंप बंद केला, की शुक्रवारी सकाळी जे पीक सहा मिनिटांना यायचे ते अडीचला येऊन बसते. दाब गेला की त्या मेणचट छिद्रांतून पाणी बाहेर फेकले जाते आणि पुन्हा आत शिरत नाही. कॉलमचा आतला जवळजवळ सगळा पृष्ठभागच कामातून जातो. ॲसिटोनायट्राइल हा सेंद्रिय विद्रावक जास्त असलेल्या द्रवाने धुतला की तो पूर्ववत होतो, पण हे ज्याला माहीत नाही तो चांगला कॉलम फेकून देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तसाच वापरतो.

पोलर औषधांसाठी माझ्या मते पहिली पसंती हिलिक पद्धतीला असली पाहिजे. हे नाव अँड्र्यू अल्पर्ट यांनी १९९० मध्ये दिले, पण तिची मूळ कल्पना त्याआधीची आहे. मार्टिन आणि सिंज या ज्या दोन इंग्रज शास्त्रज्ञांना १९५२ चे नोबेल मिळाले, त्यांनी १९४१ च्या कामात सिलिकाच्या कणांवर पाणी धरून त्यावरून क्लोरोफॉर्म सोडला होता. हिलिकमध्ये कॉलमचे कण पाणी-प्रेमी असतात आणि द्रवात सत्तर ते पंचाण्णव टक्के ॲसिटोनायट्राइल असते. उरलेल्या पाण्यातला थोडा भाग, माठाच्या बाहेरच्या अंगाला जशी सदा ओल असते तसा, कणांवर पातळ थर होऊन बसतो. पोलर रेणू त्या ओलीत रमतात. जो रेणू जितका पोलर तितका तो उशिरा सुटतो, म्हणजे सी-एटीनवर जे पहिल्या तीन मिनिटांत गर्दीत हरवत होते ते इथे सर्वांत शेवटी, एकेकटे, स्वच्छ येते. शिवाय बफर म्हणून अमोनियम फॉर्मेटसारखे उडून जाणारे क्षार चालतात, त्यामुळे वस्तुमानाचे यंत्रही बिनधास्त जोडता येते.

हिलिकबद्दल आपल्याकडे एक नाराजी ऐकू येते की तिचे निकाल पुन्हा तसेच येत नाहीत. या नाराजीचा मोठा भाग सवयीतून आला आहे. आयुष्यभर सी-एटीनवर काम केलेला माणूस नमुना सवयीने पाण्यात विरघळवतो, आणि हिलिकमध्ये पाणी हाच सर्वांत जोरदार विद्रावक असल्यामुळे नमुना कॉलमच्या तोंडाशीच वाहून जातो आणि पीक दुभंगते. मग पद्धत वाईट ठरते. नमुना शक्य तितका द्रवाच्याच मिश्रणात विरघळवावा आणि पहिला नमुना कॉलममध्ये सोडण्याआधी कॉलमला सी-एटीनपेक्षा बराच जास्त वेळ स्थिरावू द्यावे, एवढे दोन नियम पाळले तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत. खर्चाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ॲसिटोनायट्राइल हे ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांतले उप-उत्पादन आहे. २००८-०९ च्या मंदीत त्या कारखान्यांनी उत्पादन घटवले तेव्हा जगभर त्याचा तुटवडा झाला होता आणि आम्ही एकेक बाटली कुलपात ठेवत होतो. बारीक, आखूड कॉलम घेतले तर हा वापर बराच खाली येतो.

सगळेच पोलर रेणू पीक दाखवतील असेही नाही. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये स्ट्रेप्टोमायसिन तयार होत असे, आणि माझ्या पहिल्या वरिष्ठांनी तरुणपणी त्याची ताकद जिवाणूंच्या थाळीवर मोजली होती. औषधाच्या थेंबाभोवती जिवाणू मरून जे स्वच्छ वर्तुळ पडते त्याचा व्यास ते मोजत. ताकद कळायची, पण अशुद्धी कोणती हे त्या वर्तुळाला सांगता येत नसे. जेंटामायसिनसारखी औषधे तर अतिनील प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, म्हणून त्यांना नेहमीचा यूव्ही डिटेक्टर आंधळा असतो आणि बाष्पीभवनानंतर उरलेल्या कणांवरून मोजणारे किंवा विद्युत-रासायनिक डिटेक्टर लावावे लागतात.

पुण्यात आणि आसपास औषधनिर्माणशास्त्राची इतकी महाविद्यालये आहेत, की दरवर्षी एम. फार्म.चे प्रबंध गठ्ठ्यांनी तयार होतात. परीक्षक म्हणून मी त्यांतले बरेच वाचले. विषयाचे नाव बदलते, कॉलम सी-एटीनच राहतो, आणि सी-एटीनवर सहज बसणारीच औषधे निवडली जातात. तीन-चार तोंडी परीक्षांत मी विद्यार्थ्यांना मेटफॉर्मिन दुसऱ्या मिनिटाला का आले असे विचारले, तेव्हा पद्धत जलद आहे असे अभिमानाने उत्तर मिळाले. त्या मुलांचा दोष नाही. हिलिकचा कॉलम त्यांनी हातात धरलेलाच नव्हता. लाखो रुपयांचे यंत्र घेणाऱ्या विभागाला एका बऱ्यापैकी मोबाइल फोनच्या किमतीचा दुसरा कॉलम घेणे जड नाही, आणि कारखान्यांनीही वर्षाकाठी वापरून उरलेले कॉलम महाविद्यालयांना देण्यास हरकत नसावी.

कारखान्यांतील सहकाऱ्यांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे. २८ डिसेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमनुसार, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमांनुसार, कागदपत्रांची मोठी तयारी सर्वत्र झाली आहे. त्याच निमित्ताने आपल्या प्रत्येक पोलर औषधाची पद्धत उघडून पाहा. इनहिबिट इंटिग्रेशन कितव्या मिनिटापर्यंत लावले आहे, ते कोणी आणि कोणत्या कारणाने लावले, त्याखाली येणारे पीक फक्त विद्रावकाचे आहे हे औषध न घातलेल्या रिकाम्या नमुन्याशी ताडून कोणी लिहून ठेवले आहे का, आणि वेगळ्या तत्त्वावरच्या एखाद्या कॉलमवर तो नमुना निदान एकदा तरी चालवला आहे का, हे पाहा. मास बॅलन्स जुळत नसेल तर सही करू नका.

आणि संपादक महोदय, आपल्या बातमीदारांनाही एक सुचवावेसे वाटते. नमुना नापास झाला असे लिहिताना तो कशात नापास झाला तेही लिहावे. औषधाचे प्रमाण कमी होते, गोळी वेळेत विरघळली नाही, की नको ते द्रव्य सापडले, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचकाला त्यांतला फरक कळतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण दगावले, तेव्हा त्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाच्या सुनावण्यांच्या बातम्या मराठी वाचकांनी महिनोन्‌महिने बारकाईने वाचल्या होत्या. तो वाचक आजही आहे.

सल्लागार म्हणून काम करताना स्वतःच्या पैशाने घेतलेला, १५० मिलिमीटरचा एक हिलिक कॉलम माझ्या कपाटात आहे. ॲसिटोनायट्राइल भरून, दोन्ही टोकांना टोपणे लावून ठेवलेला आहे आणि अजून उत्तम चालतो. पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यातल्या ज्या महाविद्यालयाला तो हवा असेल त्याला मी तो विनामूल्य देईन, आणि मेटफॉर्मिन व सायनोग्वानिडिन त्यावर वेगळे कसे करायचे हे दोन दिवस येऊन विद्यार्थ्यांना दाखवीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. विचारणा आल्यास कृपया माझ्यापर्यंत पोहोचवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषध-विश्लेषक
चिंचवडगाव, पुणे